सूज दिसली, पण कशामुळे?

ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची सूज, असं निदान कागदावर आलं की घरातलं प्रत्येक माणूस मोबाइल घेऊन तेच शोधायला बसतं. आमच्याकडेही तसंच झालं. शोधणाऱ्याला दोन गोष्टी लगेच भेटतात: मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार, आणि स्टिरॉइडची सलाइन. दोन्ही वाचून माझ्या नवऱ्याला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या बाबतीत पुढे निघाला तो एक जंतू. बार्टोनेला हेन्सेले त्याचं नाव, आणि तो माझ्या शरीरात शिरला होता मांजराच्या ओरखड्यातून. औषध सुरू करण्याआधी ‘ही सूज कशामुळे?’ हा प्रश्न डॉक्टरांनी लावून धरला, म्हणून तो सापडला. तो प्रश्न त्यांनी कसा सोडवत नेला, हे मला सविस्तर लिहायचंय, कारण असल्या प्रसंगात घरच्यांना काहीच कळत नाही आणि निर्णय मात्र तासांत घ्यावे लागतात.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आमचं मॅचिंग सेंटर आहे. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून चालवतो; मी त्यांना वहिनी म्हणते. साडीचा काठ दारातल्या उजेडात न्यायचा आणि त्याला जुळणारं टू बाय टू काढायचं, हे आमचं दिवसभराचं काम. आषाढ संपत आला होता, श्रावणाची गर्दी सुरू व्हायची होती. एका बाईंची इरकल हातात होती, काठ कुंकवाच्या रंगाचा. डाव्या डोळ्यात सुताचा कण गेला म्हणून तो मी तळहाताने झाकून धरला आणि उजव्याने काठाकडे पाहिलं. काठ दहा धुण्यांतून निघाल्यासारखा विटका दिसला. तागाही तसाच. डावा डोळा उघडला की लाल जागच्या जागी. मग वहिनींच्या चेहऱ्याकडे एकेका डोळ्याने पाहिलं. उजव्या डोळ्याने त्यांचे कान दिसत होते, केस दिसत होते, पण नाक-तोंड एका राखाडी डागाखाली गेलं होतं.

दुखत काहीच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याला फार महत्त्व आलं.

नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पाहिलं. डाव्या डोळ्याने तक्त्यावरची शेवटची ओळ, ६/६. उजव्याने वरच्या दोनच ओळी, त्याही डोकं तिरकं करून, डागाच्या कडेने. रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचं पुस्तक असतं, त्यात उजव्या डोळ्याला एकच पान वाचता आलं. मग त्यांनी टॉर्च घेऊन प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आणि परत, असा फिरवला. निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या प्रकाश पडला की लहान होतात. माझ्या उजव्या डोळ्यावर प्रकाश आला की बाहुली उलट मोठी होत होती. नस प्रकाशाचा निरोप पुरेसा नेत नाही, असा त्याचा अर्थ. या चाचणीला टॉर्चशिवाय काही लागत नाही, आणि रुग्णाला त्यात आपल्या मनाने काही करता येत नाही, म्हणून डॉक्टर तिच्यावर एवढा विश्वास ठेवतात.

थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर आतली नस दिसली. तिचं तोंड चांगलंच सुजलेलं होतं, कडा पुसट, भोवती थोडा रक्तस्राव. त्यांनी लगेच रक्तदाब मोजला. मला नवल वाटलं. नंतर कळलं की रक्तदाब भयंकर वाढला तरी नसेचं तोंड असंच सुजतं, फक्त सहसा दोन्ही डोळ्यांत. माझा ठीक होता.

ते म्हणाले, “ऑप्टिक न्यूरायटिस आहे. एमआरआय करावा लागेल, आणि कदाचित दवाखान्यात राहून शिरेतून स्टिरॉइड घ्यावं लागेल. पण मला दोन गोष्टी पटत नाहीत. तुमचा डोळा हलवताना दुखत नाही. आणि सूज माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आहे.” वाशीला डोळे आणि मज्जासंस्था या दोन्हींचं काम करणाऱ्या एक डॉक्टर बसतात, त्यांना त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि दुसऱ्या सकाळची वेळ मिळवून दिली. स्वतःला पटत नाही हे रुग्णासमोर मोकळेपणाने बोलणारे डॉक्टर भेटले, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

त्या दोन गोष्टी का खटकाव्यात, हे मला वाशीच्या डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. या आजारावरचा सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. ऑप्टिक न्यूरायटिस ट्रीटमेंट ट्रायल म्हणतात त्याला. १९८८ ते १९९१ या काळात साडेचारशेहून जास्त रुग्ण त्यात घेतले गेले. त्यांतल्या १०० पैकी ९२ जणांना डोळ्यात दुखत होतं, बहुतेकांना डोळा फिरवला की जास्त. आणि नसेचं तोंड सुजलेलं दिसलं ते साधारण एक तृतीयांश लोकांत. बाकीच्यांची सूज मागे, डोळ्याच्या आड होती, वरून पाहणाऱ्याला काही दिसत नव्हतं. म्हणजे दुखणं जवळपास प्रत्येकाला, आणि ठळक सूज थोड्यांना. माझं चित्र नेमकं उलटं. अशा वेळी नेहमीच्या वाटेने पुढे न जाता दुसरी कारणं शोधायची, एवढं शिक्षण त्या आकड्यांत आहे.

त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी आमच्या घरातल्या त्या रात्रीच्या वादाशी थेट जोडलेली आहे. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने नजर लवकर सुधारते, पण काही महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना दिलं आणि ज्यांना दिलं नाही त्यांची नजर जवळपास सारखीच असते. आणि नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्या दिल्या तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. हे अर्थात नेहमीच्या प्रकारच्या सुजेबद्दल. त्या रात्री आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझे दीर तळमळीने सांगत होते, “डोळ्याचा प्रश्न आहे, एक दिवस वाया घालवू नका, जे इंजेक्शन असेल ते आजच सुरू करा.” त्यांची काळजी खरी होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरलाच खटकतंय म्हणतो ना, मग उद्या सकाळपर्यंत थांबू. मी येते बरोबर.” सकाळी आम्ही तिघं ठाण्याहून वाशीची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून निघालो.

वाशीच्या डॉक्टरांनी यंत्राकडे नेण्याआधी मला समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला वाटलं होतं डोळ्याबद्दल विचारतील. डोळ्याबद्दल थोडंच होतं. हात-पाय कधी बधिर झाले होते का, चालताना तोल गेला का, लागोपाठ दिवसचे दिवस उचकी किंवा उलट्या झाल्या का. तोंडात, खाली जखमा येतात का. सांधे धरतात का. घरात कुणाला टीबी होता का, आणि मी स्वतः टीबीची औषधं घेतली आहेत का. त्यांतलं इथॅम्ब्युटॉल हे औषध स्वतःच काही जणांच्या नसेला इजा करतं, आणि तिथेही लाल-हिरव्याचा फरक आधी जातो. कच्चं दूध पिता का. या पावसात साचलेल्या पाण्यातून चाललात का. हो, चालले होते. वंदना सिनेमापाशी पाणी भरलं की ठाण्यात कुणाला चुकतंय? लेप्टोचा जंतू तसल्या पाण्यातून येतो आणि डोळ्यातही सूज आणू शकतो, म्हणून ते विचारलं. मग, गेल्या दोन महिन्यांत ताप आला होता का.

ताप आला होता. जूनच्या अखेरीला, अंगात मुरणारा, संध्याकाळी चढणारा. पावसाळ्यातला ताप म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मलेरिया आणि डेंगी तपासून घेतला, दोन्ही नव्हते, आणि काही दिवसांनी ताप आपोआप उतरला. मी एवढं सांगून थांबले. सासूबाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तिला काखेत अवधाण पण आलं होतं. उजव्या. मी म्हटलं होतं हाताला कुठे लागलंय का बघ.”

डॉक्टरांचा पेन थांबला. “मावशी, कुठे लागलं होतं का?”

“अंगठ्याच्या मुळाशी. मांजरीच्या पिल्लाने ओरबाडलं होतं. तिथे फोड आला होता, बरेच दिवस सुकत नव्हता.”

पावसाच्या पहिल्या सरींत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुडकुडणारं पिल्लू माझ्या लेकीने वर आणलं होतं. मनी तिचं नाव. तिला पुसताना, दूध पाजताना हातावर ओरखडे येतच होते. मांजर पाळणाऱ्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

डॉक्टरांनी तिथेच निदान जाहीर केलं नाही, आणि मला ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, “ही एक शक्यता वर आली. पण बाकीच्या मी सोडणार नाही.” मग त्यांनी समजावलं. जंतूमुळे डोळ्याच्या नसेला सूज येऊ शकते. नेहमीची कारणं वेगळी असतात, त्यामुळे प्रत्येक रुग्णाची जंतूंसाठी तपासणी करून फारसं हाती लागत नाही, हेही त्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. पण चित्र वेगळं असेल तर काही नावं तपासायलाच हवीत: सिफिलिस (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार), टीबी, बार्टोनेला, लेप्टो. परदेशात गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइमचा आजारही या यादीत वर असतो, आपल्याकडे तो क्वचित. नाकामागच्या पोकळ्यांत साचलेला पू शेजारच्या नसेला त्रास देऊ शकतो, ते एमआरआयमध्ये दिसतं. स्टिरॉइड शरीराची लढण्याची ताकद दाबतं. सूज जंतूमुळे असेल आणि जंतूवर औषध नसताना नुसतं स्टिरॉइड दिलं, तर सूज तात्पुरती उतरलेली दिसेल आणि आत आजार पसरेल. सिफिलिस आणि टीबी या दोघांत ही भीती सगळ्यात मोठी.

माझ्या नवऱ्याने दिरांचाच प्रश्न विचारला, की थांबण्यात धोका नाही का. त्यांनी तो उडवून लावला नाही. काही प्रकारची सूज अशी असते की शरीर स्वतःच्याच नसेवर हल्ला करतं. त्यासाठी एक्यूपी-४ आणि मॉग नावाच्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची, तपासणी असते, आणि त्यांतल्या पहिल्या प्रकारात उपचाराला झालेला उशीर नजर कायमची नेऊ शकतो. म्हणून त्यांनी क्रम लावला. ज्या तपासण्या एका दिवसात येतात त्या आज. एमआरआय आज. प्रतिपिंडांचं रक्त आजच पाठवायचं, निकाल येईल तेव्हा येईल. उद्या संध्याकाळी पुन्हा डोळा बघायचा आणि निर्णय घ्यायचा. मधल्या काळात नजर आणखी घसरली, दुसऱ्या डोळ्याला काही झालं, तर वेळ न बघता फोन. असा कागदावर लिहिलेला क्रम हातात आल्यावर आमच्या तिघांच्याही जिवात जीव आला.

रक्त द्यायच्या खिडकीपाशी जे झालं ते सांगायला हवं, कारण कित्येक बायका तिथेच मागे फिरत असतील. यादीत व्हीडीआरएल, टीपीएचए आणि एचआयव्ही होतं. खिडकीतल्या मुलाने नावं मोठ्याने वाचली. माझ्या मागे रांग होती, शेजारी सासूबाई. पहिल्या दोन्ही तपासण्या सिफिलिसच्या, हे आजकाल बऱ्याच जणांना माहीत असतं. अंगावर गरम पाणी ओतल्यासारखं वगैरे लिहिणार नाही, पण मान वर करता येईना. सासूबाईच म्हणाल्या, “अगं, तुझ्या बाळंतपणाच्या वेळी पण केली होती की ही. फाइलमध्ये आहे.” खरंच आहे. गरोदर बाईची व्हीडीआरएल आपल्याकडे सरकारी दवाखान्यातही नेहमीप्रमाणे करतात, आणि तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. एचआयव्हीसाठी संमतीचा कागद भरून घेतात, संमती कायद्याने घ्यावीच लागते. सिफिलिसमुळे डोळ्याची नस सुजली असेल तर त्यावर हमखास लागू पडणारं औषध आहे: पेनिसिलिन, शिरेतून, १० ते १४ दिवस. ज्याच्यावर इतका चांगला इलाज आहे ते शरमेपोटी तपासायचंच नाही आणि डोळा घालवायचा, हे मला कुठल्याही परिस्थितीत पटत नाही. डॉक्टरने यादीत लिहिलं म्हणजे तुमच्या चारित्र्यावर शेरा मारला असं नसतं. नवरा-बायकोने हे आधीच एकमेकांशी बोलून घ्यावं. माझे तिन्ही निकाल निरंक आले.

सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि टीपीएचए अशा दोन तपासण्या का, हेही विचारलं होतं. व्हीडीआरएल काही वेळा दुसऱ्याच कारणाने खोटी होकारार्थी येते, आणि जुन्या आजारात खोटी नकारार्थीही येऊ शकते. टीपीएचए सिफिलिसच्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. दोन्ही एकत्र वाचल्या की अर्थ लागतो.

टीबीसाठी हातावर मांटूची सुई टोचली. तिचा निकाल ४८ ते ७२ तासांनी बघतात. लाली मोजत नाहीत, हाताला लागणारा कडक उंचवटा मोजतात. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते आणि टीबीच्या जंतूशी गाठही पडलेली असते, त्यामुळे नुसत्या मांटूवरून डोळ्यातली सूज टीबीची ठरवता येत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, तो जास्त दिलासा देणारा. एमआरआय ठाण्यात करून घेतला, डोळ्यांच्या खोबणीसकट आणि शिरेतून औषध देऊन. मेंदूत डाग नव्हते. हा निकाल आम्ही जीव मुठीत धरून वाचला, कारण त्या अमेरिकन अभ्यासातल्या रुग्णांना १५ वर्षं पाहिल्यावर असं दिसलं की पहिल्या एमआरआयमध्ये एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्के लोकांना पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, आणि एक किंवा जास्त डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना.

पण माझ्या गोष्टीत दिशा बदलली ती ओसीटीने. डोळ्यात प्रकाशाचा किरण टाकून डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दाखवणारं यंत्र. त्यात दिसलं की सुजलेल्या नसेतून पाणी पाझरून पडद्याच्या मध्यापर्यंत, मॅक्युलापर्यंत पोहोचलंय. मला मधोमध डाग दिसत होता त्यात याचाही वाटा होता. डॉक्टर म्हणाल्या, “हे नुसतं ऑप्टिक न्यूरायटिस नसावं. नस आणि पडदा दोन्ही आहेत, न्यूरोरेटिनायटिस. तसं असेल तर काही दिवसांत इथे एक तारा उमटेल.”

या ताऱ्याबद्दल मी नंतर खूप वाचलं. नसेतून पाझरलेल्या द्रवात पाणी असतं आणि चरबीयुक्त कण असतात. पाणी शोषलं जातं, कण मागे राहतात. मॅक्युलाभोवतीचे मज्जातंतू मध्यापासून बाहेर पसरलेले असतात, त्यामुळे कणही त्याच रेषांत साचतात आणि पिवळसर टोकदार तारा दिसतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १९१६ मध्ये असे रुग्ण वर्णिले. सूज नसेतून सुरू होते आणि पडदा नंतर ओला होतो, हे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गॅस यांनी दाखवलं. तारा सुजेच्या बरोबर उमटत नाही, सहसा एक-दोन आठवडे मागून येतो, आणि म्हणून पहिल्या दिवशी डोळा पाहणाऱ्याला तो दिसत नाही. ज्याला पहिल्या भेटीत ऑप्टिक न्यूरायटिस म्हटलं गेलं त्याचा डोळा दोन आठवड्यांनी पुन्हा थेंब घालून पाहणं किती मोलाचं आहे, हे यावरून कळेल. तारा दिसला तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा विचार जवळपास बाजूलाच पडतो. त्याऐवजी जंतू शोधायचे, आणि त्यांत सगळ्यात वर बार्टोनेला.

दुसऱ्या संध्याकाळी नजर होती तिथेच होती, घसरली नव्हती. डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं नाही. बार्टोनेलाची रक्ततपासणी मोजक्या प्रयोगशाळांत होते, नमुना बाहेर पाठवावा लागतो, वेळ लागतो. पण ताप, काखेतली गाठ, ओरखडा, न दुखणारी ठळक सूज आणि मॅक्युलातलं पाणी, एवढं एका रेषेत आल्यावर त्यांनी निकालाची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, काही आठवड्यांसाठी. बऱ्याच ठिकाणी याच्या जोडीला रिफाम्पिसिन देतात. त्यांनी ते मुद्दाम टाळलं. रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध. टीबी लपलेला असेल आणि त्याला हे एकटंच औषध मिळालं तर तो तात्पुरता दबतो आणि औषधाला दाद न देणारा बनतो. टीबी घरोघरी असलेल्या आपल्या देशात हा विचार करणं भाग आहे. स्टिरॉइडबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं की काही डॉक्टर जंतूवरच्या औषधाच्या जोडीने देतात. या आजारात मोठे तुलनात्मक अभ्यास झालेलेच नाहीत, आणि पुष्कळ रुग्णांची नजर आपोआपही सुधारते.

डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्यांसाठी: गोळी भरलेल्या पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून तास-दोन तास लांब. उन्हात अंग भाजतं, पण श्रावणात मला त्याचा त्रास झाला नाही.

आठवड्याभराने तपासणीला गेले तेव्हा तारा उमटायला लागला होता, अर्धाच, नसेच्या बाजूला. त्यानंतरच्या भेटीत पूर्ण. डॉक्टरांनी फोटो काढून तो कॉम्प्युटरवर दाखवला, आणि सासूबाईंना खुर्ची पुढे ओढायला सांगून त्यांनाही दाखवला. बार्टोनेलाचा निकाल त्यानंतर आला: आयजीजी, म्हणजे त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं, १:२५६ च्या वर. एवढं प्रमाण नुकत्याच झालेल्या संसर्गाकडे बोट दाखवतं. एक्यूपी-४ आणि मॉग दोन्ही निरंक. टॉक्सोप्लाझ्मा हाही मांजराशी जोडलेला, तोही तपासला होता. तो जंतू बॅक्टेरिया नव्हे, परजीवी, आणि त्याची औषधं वेगळी. नुसतं ‘मांजरामुळे’ म्हणून चालत नाही ते यासाठी.

सुधारणा आधी मला नाही, यंत्राला कळली. ओसीटीत पाणी कमी झालं, तरी मला डाग तसाच. मग एका दुपारी दुकानात डावा डोळा झाकून वहिनींकडे पाहिलं तर त्यांची नथ दिसली. मी रडले, त्याही रडल्या. तक्त्यावर ओळी एकेक करून परत आल्या. आता उजव्या डोळ्याने ६/९ वाचते. तारा विरायला काही महिने लागले. नसेचं तोंड थोडं फिकट राहिलंय आणि लाल रंग उजव्या डोळ्याला अजून किंचित उतरलेला दिसतो. मरून आणि डाळिंबी शेजारी ठेवले तर त्या एका डोळ्याने मला फरक सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात एवढं कदाचित कायम राहील. दुकानात दोन्ही डोळे उघडे ठेवून काम चालतं, आणि शंका आली की वहिनी आहेत.

मनीचं काय केलं, हे सगळ्यात आधी विचारतात, म्हणून तेही लिहिते. नातेवाइकांचा आग्रह होता की तिला आजच्या आज सोडून या. डॉक्टरांनी आणि नंतर प्राण्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं की गरज नाही. हा जंतू मांजरात पसरवतात त्या पिसवा. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून माणसात जाते. मांजर स्वतः आजारी दिसत नाही. पिल्लांत हा जंतू जास्त सापडतो, रस्त्यावरून आणलेल्यांत आणखी. उपाय साधे आहेत: पिसवांचं औषध वेळच्या वेळी, नखं कापलेली, हाताने कुस्ती खेळायची नाही, ओरखडा आला तर लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचा, उघड्या जखमेला मांजराला चाटू द्यायचं नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही असेल, अवयव बदललेला असेल, किमोथेरपी चालू असेल, त्यांनी मात्र लहान पिल्लू घरात आणण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, कारण त्यांच्यात हाच जंतू फार गंभीर रूप घेतो. मनी आमच्याकडेच आहे. मांजराला वाटेल ते पिसवांचं औषध चालत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं.

कुणाला अचानक एका डोळ्याने अंधूक दिसायला लागलं तर ते मला फोन करतात हल्ली, बाजारात सगळ्यांना कळलंय. मी त्यांना औषध सांगत नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा म्हणते, आणि जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांचा ताप, गाठी, पुरळ, जखमा, प्रवास, घरातली जनावरं, चालू असलेली औषधं, सगळं कागदावर लिहून न्या म्हणते. शक्य असेल तर घरातलं एखादं मोठं माणूस बरोबर न्या. आपण विसरलेलं त्यांच्या लक्षात असतं.

मला आता सहा महिन्यांनी दृष्टीक्षेत्राची तपासणी करायला वाशीला जायचंय. बार्टोनेलाची ही सूज सहसा पुन्हा येत नाही. तरी डॉक्टरांनी माझ्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय: पुन्हा सूज आली तर जुनंच कारण गृहीत धरू नये, तपास पहिल्यापासून करावा.